माझा पाय ढिला नव्हता

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तिपाया आहे. कॅमेरा ज्यावर उभा करतात, तो. दुकानात माझ्यासारख्याला ट्रायपॉड म्हणतात, पण आमच्या फोटोकाकांनी पहिल्या दिवसापासून मला तिपाया म्हटलं आणि सगळ्या गल्लीनं तेच नाव उचललं. माझी गोष्ट सुरू करण्याआधी एक बाब तुमच्या कानावर घालतो, म्हणजे मला पुढचं सुखानं बोलता येईल. माझा पाय ढिला नाही. कधीच नव्हता. लोक काहीही म्हणोत!

मला एका सुतारानं घडवलं. तो एरवी खुर्च्या आणि दारं करायचा. तिपाया त्यानं आयुष्यात एकच केला, तो मी. फोटोकाका तेव्हा जेमतेम पंचविशीचे होते. रोज येऊन "झालं का, झालं का" म्हणून त्याच्या डोक्यावर बसायचे. सुतार वैतागायचा. "अहो, लाकूड आहे ते. घाई केली की रुसतं!" शेवटी माझे पितळी स्क्रू बसले, तिन्ही पायांना रबरी टोपणं लागली. सुतारानं मला उभं केलं, माझ्या माथ्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि माझ्याभोवती धपधप पाय टाकत एक फेरी मारली. पाणी जागचं हललं नाही. "न्या," तो म्हणाला, "हा तुम्हाला दगा देणार नाही." त्या दिवशी माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू?

आमच्या स्टुडिओत एक मोठी खिडकी, एक पांढरा पडदा आणि बसायला एक बिनपाठीचं स्टूल, एवढंच सामान. फोटोकाकांना झगझगीत दिवे आवडत नाहीत. खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात ते फोटो काढतात. असा उजेड थोडा, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात कॅमेरा तसूभरही हलून चालत नाही. हलला तर चेहरा पुसल्यासारखा येतो. न हलणं हेच माझं काम.

ते कुणाला "हसा" म्हणत नसत. "हसा म्हटलं की माणूस नुसते दात दाखवतो," असं त्यांचं मत. ते म्हणायचे, "डोळे मिटा. घरी तुमची वाट कोण बघतंय ते आठवा. हं, आता उघडा." पापण्या उघडत असतानाच त्यांचं बोट बटणावर पडायचं. लांबून बटण दाबायची वायर मिळते, पण त्यांनी ती कधी लावली नाही. "तो क्षण बोटालाच कळतो," म्हणायचे. उजव्या हाताचा तळवा माझ्या माथ्यावर टेकलेला आणि बोट बटणावर, अशी आमची तीस वर्षांची जोडी होती.

काय काय माणसं पाहिली म्हणून सांगू! एका नावाजलेल्या पहिलवानानं डोळे उघडले ते भरलेलेच. एक न्यायाधीशबाई डोळे मिटताच चक्क घोरायला लागल्या, आणि आम्ही दोघं पाव तास गप्प उभे राहिलो. सकाळी सकाळी काका मला खांद्यावर टाकून शहरात निघायचे. पुलावरच्या धुक्यातल्या सायकली, बाजारात बर्फाच्या लाद्या ओढणारे हमाल, न्हाव्याच्या आरशात मावलेला अख्खा रस्ता, हे सगळं आम्ही टिपलं. एकदा एक हवालदार ओरडला, "रस्त्यात पाय पसरून काय उभे राहता?" काका म्हणाले, "मी नाही साहेब, हा पसरलाय." हवालदारालाही हसू फुटलं, आणि मग त्यानंही तिथंच एक फोटो काढून घेतला.

मग गेल्या वर्षी एका सकाळी काकांचा तळवा माझ्या माथ्यावर टेकला आणि मी चरकलो. तो हात थरथरत होता. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावला की आतून लागते ना, तशी बारीक थरथर. मला वाटलं, थंडी असेल. पण थंडी सरली आणि थरथर वाढली.

ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती. काकांनी चारचौघांत चहा घेणं सोडलं. "गार होऊ दे, मग घेतो," म्हणायचे आणि कप तसाच राहायचा. पाकिटांवर नावं लिहायचं काम त्यांनी लेकीवर ढकललं. "माझं अक्षर कुणाला लागत नाही," हे कारण. हात लपवायला म्हणून ते तो माझ्यावर आणखी जोरानं दाबून धरायचे. मित्रांनो, खरी मेख इथंच होती. दाबून धरलेला तो हातच कॅमेरा हलवत होता.

त्यांची लेक आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर फोटो मोठे करून बघते. एक दिवस तिनं हाक मारली, "बाबा, इकडे या. कानाची कड दोनदा आलीय. कालच्या सगळ्या फोटोंत असंच आहे."

काका आत गेले, बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. ते बोललेही. "तिपाया म्हातारा झालाय गं. मधला पाय ढिला पडलाय."

माझ्या तर पायाखालची जमीनच सरकली, आणि ज्याला तीन पाय असतात त्याला ते तिप्पट लागतं. लेक म्हणाली, "मग नवा घेऊ या." पण काका हट्टानं म्हणाले, "दोरी बांधू, चालेल." त्यांनी माझ्या धडधाकट पायाला सुतळीचे वेढे दिले. गाठ काही मारता येईना. तेव्हा लेकीला म्हणाले, "तू मार, माझा चष्मा सापडत नाहीये." चष्मा कपाळावर होता. लेकीनं चष्म्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गाठ मारली. मी त्या दिवशी काकांवर मनापासून चिडलो होतो.

पुढच्याच आठवड्यात कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळवाले त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन आले. काकूंनी नवी निळी शाल घेतली होती. घड्याळवाले म्हणाले, "हिचं ऑपरेशन ठरलंय. ही म्हणते, इतक्या वर्षांत दोघांचा एक धड फोटो नाही. आधी तो काढू, मग दवाखाना."

"मग काय तर!" काकू म्हणाल्या. "लग्नातल्या फोटोत यांचं नुसतं अर्धं नाक आलंय."

काकांनी पंधरा फोटो काढले. प्रत्येक वेळी हात माझ्यावर गच्च दाबलेला. मी सगळी ताकद लावून उभा राहिलो, पण मी जमिनीचा हादरा पेलू शकतो, माथ्यावरच्या हाताचा नाही. पंधराच्या पंधरा फोटोंत काकूंचा चेहरा पुसलेला आला. लेक म्हणाली, "बाबा, त्यांना उद्याच परत बोलवा." काका म्हणाले, "बोलवतो." त्या दिवशी बोलावलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. पुन्हा बोलावलं आणि पुन्हा तसंच झालं तर काय तोंड दाखवायचं, ही भीती. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी घड्याळवाले एकटेच आले. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. "ऑपरेशन परवावर आलंय," ते म्हणाले. "तिला दवाखान्यात ठेवून घेतलंय, आता बाहेर सोडत नाहीत. म्हटलं, फोटो नेऊन उशाशी ठेवावा. रोज विचारते." लेकीनं पाण्याचा पेला आणून दिला.

काकांनी उजवा हात खिशात घातला. "फोटो... नीट आले नाहीत हो. या तिपायाचा पाय ढिला आहे."

घड्याळवाले चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नाहीत. "एवढंच ना? आणा इकडे, मी करून देतो," म्हणून त्यांनी पेला बाजूला ठेवला, खिशातून घड्याळं बघताना डोळ्याला लावायचं भिंग काढलं आणि माझ्यापुढे जमिनीवर बसले. बायको दवाखान्यात, आणि हा माणूस माझा पाय दुरुस्त करायला बसला! त्यांनी सुतळी सोडली. एकेक स्क्रू नखानं चाचपला, पाय दोन्ही हातांनी पिळून पाहिला. मग भिंग काढून म्हणाले, "फोटोवाले, हा पाय ठणठणीत आहे." खात्री करायला म्हणून त्यांनी तो भरलेला पेला उचलून माझ्या माथ्यावर ठेवला. मला माझा सुतार आठवला. मी जीव एकवटून उभा राहिलो. पाणी जागचं हललं नाही.

 मग काका पुढे आले. त्यांनी खिशातला उजवा हात काढला आणि पेल्याशेजारी माझ्यावर टेकवला. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. ती थांबेनात. थोडं पाणी काठावरून सांडून माझ्या अंगावर ओघळलं.

"त्याचा पाय नाही," काका म्हणाले. "माझा हात. वर्ष झालं. मी कुणाला बोललो नाही. तुमचे आठ दिवस मी घालवले."

घड्याळवाल्यांनी पेला उचलून खाली ठेवला. लेक रडत होती. "मला गाठीच्या दिवशीच कळायला हवं होतं," ती म्हणाली. घड्याळवाले उठले. "उद्या अकरा ते बारा भेटायची वेळ असते," ते म्हणाले. "तिच्या पलंगाशेजारी खिडकी आहे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. काकू फार वाळल्या होत्या. घड्याळवाल्यांनी त्यांच्या खांद्यावर निळी शाल घातली आणि शेजारी बसले. बटणावर आज लेकीचं बोट होतं. काका तिला हळूच म्हणाले, "माझ्या आवाजाकडे लक्ष देऊ नकोस. त्यांच्या पापण्या बघ." मग ते बाजूला उभे राहिले. हात लपवला नाही.

"काकू, डोळे मिटा. तुमची वाट कोण बघतंय ते आठवा."

"मिटायचे कशाला?" काकू म्हणाल्या. "वाट बघणारा हा काय इथंच बसलाय!" आणि त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. लेकीनं बटण दाबलं. मी हललो नाही.

त्या फोटोत काकूंच्या पापणीचा केस न् केस दिसतो. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या उशाशी होता. ऑपरेशन झालं, पण काकू घरी परत आल्या नाहीत. तो फोटो आता घड्याळांच्या दुकानात, घड्याळवाल्यांच्या कामाच्या टेबलावर असतो. काका त्या दुकानावरून जाताना अजूनही खाली बघून चालतात. दवाखान्यात जाण्याआधी काकू आमच्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या, हे त्यांच्या मनातून जात नाही. माझ्याही जात नाही.

काका डॉक्टरांकडे जाऊन आले. औषधानं थरथर कमी होईल, थांबणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता लेक बटण दाबते, काका बोलतात. माझ्यावरचा राग विचाराल तर तो त्या ओघळलेल्या पाण्याबरोबरच गेला. काका रोज मला फडक्यानं पुसतात आणि पुसताना हात मधल्या पायावर जरा जास्त वेळ रेंगाळतो.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, त्यांचे स्क्रू आवळा, हे तर मी सांगणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. घरात कुणी चहा गार होऊ देत असेल, कपाळावर चष्मा असताना तो शोधत असेल, तर गाठ मारून मोकळे होऊ नका. त्यांचा हात हातात घेऊन बघा. आणि उद्या तुमचाच हात थरथरला, तर उगाच कुणाच्या पायाला सुतळी बांधू नका. सांगून टाका, आणि मग खुशाल टेका माझ्यावर. मी हलणार नाही.