बैठकीचं माप

टाचण्या ओठांत धरूनच बोलायची तिला इतकी सवय होती की सगळी गल्ली तिला टाचणी म्हणायची. धाकटी बहीण तेवढी ताई म्हणायची. दोघी एकत्र राहायच्या. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. चौतीस वर्षं टाचणी कोट शिवत आली होती आणि तिच्या हातचा कोट घातला की वाकडा माणूसही सरळ दिसतो, अशी तिची ख्याती होती.

एकदा एक गिटारवादक आला. वाजवताना बाही वर चढते, ही त्याची तक्रार. "मग वाद्य घेऊनच या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो स्टुलावर गिटार घेऊन बसला आणि ती शेजारी गुडघे टेकून बाहीला टाचण्या लावू लागली. बाही कुठवर चढते ते दाखवायला त्याने सहज एक जाड तार छेडली. तिचा कान लाकडापासून जेमतेम वीतभर लांब होता. ओठांतल्या टाचण्या थरथरल्या. तिला वाटलं, दाराबाहेरून काहीतरी प्रचंड मोठं, पण अगदी मऊ पावलांनी चालत गेलं.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

"बाही बसली नाही का?"

"बाही बसली हो. तुम्ही पुन्हा करा."

महिन्याभरात तिने एक जुनी गिटार आणली आणि दोन गल्ल्या पलीकडच्या संगीतशिक्षिका बाईंकडे शिकवणी लावली. बहीण म्हणाली, "नव्याचे नऊ दिवस!" पण नऊ दिवस गेले, नव्वद गेले, तरी खूळ उतरेना. उतरला तो फक्त तिचा चेहरा. बाईंनी शिकवलेली बैठक एकच: बिनहाताच्या खुर्चीत पुढे बसायचं, डावा पाय पाटावर, पाठ ताठ, खांदे एका रेषेत. टाचणी तशी बसायची आणि दहा मिनिटांत उजव्या खांद्यात निखारा पेटायचा. गिटार घसरायची, ती सावरायला डावा हात धावायचा, मनगट मुडपायचं, तार नुसती खरखरायची. सोफा झाला, पलंग झाला, जमिनीवर उशांचा ढीग झाला. बहीण दारातून बघायची आणि म्हणायची, "ताई, गिटार आहे की रुसलेलं पोर? किती वेळा कडेवर घेशील?"

शेवटी एका शिकवणीत तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाई जवळ येऊन बसल्या. चाळीस वर्षं शिकवत होत्या त्या. पण खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मला गुरूंनी जसं बसवलं तसंच मी सगळ्यांना बसवते," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना जमतं. तुला का जमत नाही, ते मला खरंच कळत नाही."

घरी येताना ते वाक्य टाचणीच्या डोक्यात घोळत राहिलं. बहुतेकांना बसणारा कोट तिने आयुष्यात कधी शिवला नव्हता. आल्या आल्या तिने टेप बहिणीच्या हातात दिला.

"माझं माप घे."

"तुझं? कशाला?"

"घे तर खरं."

हजारो माणसं मापली होती तिने. तिला मात्र कुणीच मापलं नव्हतं. ती स्टुलावर पाठमोरी बसली. बहिणीने मानेपासून एका खांद्यापर्यंत टेप लावला, मग दुसऱ्या. मग कण्यावरून बोट फिरवत खाली आली आणि मध्येच थबकली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "उजवा खांदा दीड इंच खाली आहे गं. आणि पाठ डावीकडे चाललीय. तू इतकी वाकडी कधी झालीस?"

"एका दिवसात नाही झाले," टाचणी म्हणाली. "लिही तू."

पुढचे चार दिवस दुकान अर्धाच वेळ उघडं होतं. तिने जाड कापडाच्या दोन गाद्या बेतल्या. एक बसायची, उजवीकडे जाड आणि डावीकडे उतरती. दुसरी डाव्या मांडीवर ठेवायची, गिटारीच्या कमरेला बसेल अशा खाचेची. कच्ची शिलाई घातली, बसून पाहिलं, उसवलं. मूठभर कापूस काढला, चिमूटभर परत घातला. मग एक रुंद पट्टा शिवला, तोही डाव्या खांद्यावरून घ्यायचा, कारण उजव्याने पुरेसं ओझं वाहिलं होतं.

पाचव्या सकाळी ती पुन्हा बसली. गिटार मांडीवर घेतली, पट्टा घातला आणि हळूहळू दोन्ही हात सोडले.

गिटार जागची हलली नाही.

तिने श्वास घेतला. लाकूड तिच्या बरगड्यांना टेकलं होतं. श्वासाबरोबर तेही किंचित वर गेलं, किंचित खाली आलं. उजवा हात आपल्या वजनाने तारांवर येऊन विसावला. तिने सगळ्यात जाड तार छेडली.

या वेळी नाद कानातून आलाच नाही. तो बरगड्यांतून शिरला, पाठीच्या त्या वाकड्या कण्यावरून वर चढला, पडलेल्या खांद्यात जाऊन थांबला आणि तिथे कितीतरी वेळ घुमत राहिला. जिथे इतकी वर्षं फक्त दुखणं राहत होतं तिथे एवढी जागा होती? तिने पुन्हा तार छेडायला हात उचलला नाही. पहिला नाद पुरता विझेपर्यंत ती निश्चल बसून राहिली. आपल्या अंगात कुणीतरी दिवा घेऊन खोल्या बघत फिरतंय, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरातून बहीण ओले हात घेऊन आली. ताईचा चेहरा बघून तिथेच जमिनीवर बसली.

संध्याकाळी टाचणी गाद्या काखोटीला मारून बाईंकडे गेली. बाईंनी तिला बसताना पाहिलं; एक खांदा खाली, पाठ कललेली. त्यांचा हात सवयीने तिला सरळ करायला पुढे आला आणि हवेतच राहिला. टाचणीने आठ सुरांची ती साधी ओळ वाजवली, जी तीन महिने तिच्या बोटांतून नीट निघाली नव्हती. आठही सूर गोल, अखंड आले.

बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "आज कुठे दुखतंय?"

टाचणीने अंगात शोधलं. खांद्यात, मनगटात, कमरेत.

"कुठेच नाही," ती म्हणाली, आणि आपल्याच उत्तराने चकित झाली.

"मग वाजव. मी थांबवेपर्यंत वाजव."

बाईंनी तिला थांबवलंच नाही. शिकवणीचा तास संपून बाहेर दिवे लागले, पुढची विद्यार्थिनी दारात येऊन चपला न काढताच उभी राहिली, तरी कुणी तिला आत ये म्हणालं नाही.