पुलाची रंगीत तालीम

टण्ण.

किटलीचं झाकण ओट्यावरून पडलं, गोल गोल फिरत मोरीपर्यंत गेलं आणि तिथे थोडा वेळ थरथरून आडवं झालं. तोवर घर इतकं गप्प होतं की पाळण्याची दोरीही मी श्वास धरून ओढत होते. तासभर थोपटल्यावर धाकटा नुकता कुठे झोपला होता. त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तोंड.

"उठला तुझा आमदार," मोरीतून आत्याबाई म्हणाल्या.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. नातवाला त्या आमदार म्हणतात. का म्हणाल, तर दिवसा झोपतो, जागा असला की ओरडतो, आणि चालायची वेळ आली की दुसऱ्याच्या कडेवर बसतो.

"झाकण नीट बसत नाही हो," मी त्याला उचलत म्हटलं.

"कसं बसेल? मंगळवारी तू त्याच्यावर बसलीस ना ओढ्यात."

बसले नव्हते, पडले होते. पण सासूशी एवढ्या बारकाव्यात जाऊ नये.

आमच्या दोन गाई, एक तांबडी, एक बांडी. दूध काढायचं आणि ओढ्यापलीकडे दुधाची गाडी येते तिच्यात घालायचं, सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सहाला. गाडीवाला तीनदा हॉर्न देतो आणि निघतो. चुकलं तर दूध घरात, आणि उन्हाच्या दिवसांत घरातलं दूध म्हणजे रात्रीपर्यंत फाटलेलं दूध. ओढ्यात पाणी गुडघाभरच, पण काठाची माती अशी चिकट की पाय घालताना एक चप्पल आणि काढताना दुसरी मागते. दगडांवर शेवाळ. त्या मंगळवारी मी भरली किटली घेऊन आडवी झाले आणि ओढा पार वळणापर्यंत पांढरा झाला. मासे तेवढे बाळसं धरतील, असं आत्याबाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. त्या महिन्यातली माझी ती तिसरी खेप होती. आणखी दोन-तीनदा नागा झाला तर गाडी आपल्या थांब्यावर थांबणारच नाही, असं गाडीवाल्याने स्वच्छ सांगितलं होतं. गाडी थांबली नाही, तर दोन गाई ठेवून करायचं काय?

आणि हे सगळं आम्ही करत होतो कुठे, तर नव्याकोऱ्या पुलाच्या सावलीत.

पूल पुरा होऊन चाळीस दिवस झाले होते. कठडे रंगवून झाले, पाटी लागली, पाटीवर कापड बांधून झालं. दोन्ही तोंडांना रिकामी पिंपं आडवी लावली, कारण उद्घाटन व्हायचं होतं. आणि आमदारसाहेबांना सवड नव्हती.

सवड का नाही, ते आम्हाला दर सोमवारी कळायचं. साहेबांचं एक पत्रक निघतं, 'आपला माणूस, आपली खबर'. ते पुलापाशी फळ्यावर चिकटवतात आणि बारावी झालेली म्हणून मी ते मोठ्याने वाचते. साहेबांनी मैदानी स्पर्धेचं उद्घाटन करताना स्वतः चेंडू फेकला. (स्पर्धा दुसऱ्या दिवशी, चेंडू सापडल्यावर सुरू झाली, हे पत्रकात नव्हतं. ते मला माहेरून कळलं.) साहेबांनी वाचनालयात जाऊन एक पुस्तक उघडलं. खाली 'राज्य सरकारच्या ताज्या घडामोडी': अमुक प्रश्नावर विचार करायला समिती नेमली, समितीने विचार करायला मुदत मागितली, मुदत द्यावी का यावर विचार सुरू आहे. आणि सगळ्यात शेवटी: 'ओढ्यावरील पुलाचे लोकार्पण, तारीख लवकरच.'

"लवकरच म्हणजे कधी?" आत्याबाई दर सोमवारी विचारायच्या.

"पुढच्या सोमवारी पुन्हा लवकरच," मी म्हणायचे.

पुलावर राखणीला ठेकेदाराने गावातलाच एक जण बसवला होता. त्याला ठेकेदाराने पगाराआधी शिट्टी दिली, म्हणून गाव त्याला शिट्टीभाऊ म्हणतं. माणूस गरीब, पण शिट्टी तोंडात गेली की त्याला सख्खी आई ओळखू येत नाही.

झाकणाच्या त्या दुपारी पुलापाशी जीप थांबल्याचं कळलं. आत्याबाईंनी हात पदराला पुसले, मी धाकट्याला कडेवर घेतलं, पाच वर्षांची मोठी मागून धावत आली, आणि आमची वरात ओढ्यावर गेली. साहेबांचे पीए आले होते. तरुण पोरगा, डोक्यावर उन्हासाठी फाईल धरलेली.

"काय हो, पूल कुणासाठी बांधलाय?" आत्याबाईंनी नमस्काराच्या ऐवजी हेच विचारलं.

"जनतेसाठी, आजी."

"आम्ही कोण मग?"

"तुम्ही जनताच. पण उद्घाटनाआधीची."

"आणि पूल मोडायचा असेल तर उद्घाटनानंतर मोडेल, आधी नाही, असं काही आहे का?"

"तसं नाही हो. नियम आहे." त्याने फाईल डोक्यावरून काढली आणि एक पत्र मला दिलं. "कार्यक्रम कधीही ठरेल. साहेबांना ढिसाळपणा खपत नाही. मागे एका गावात फीत कापायच्या आधीच लोक टाळ्या वाजवून घरी गेले. म्हणून हे."

मी वाचलं. लोकार्पणापूर्वी पुलाचा वापर करू नये. मात्र कार्यक्रम सुरळीत व्हावा म्हणून ग्रामस्थांनी आवश्यक तेवढ्या वेळा रंगीत तालीम घ्यावी. खाली क्रम दिला होता: स्वागत, भाषण, ताज्या घडामोडी, फीत, आणि पाचवं, 'मान्यवर व ग्रामस्थ पूल पार करतील'.

"पुन्हा वाच ते शेवटचं," आत्याबाई म्हणाल्या.

मी वाचलं.

"आणि तालीम किती वेळा?"

"आवश्यक तेवढ्या वेळा."

 जीप गेली, धूळ बसली. घरी येऊन आत्याबाईंनी घासलेल्या किटल्या पुन्हा घासल्या. त्या अशा गप्प बसल्या की मी पोरांना जवळ ओढून घेते.

संध्याकाळी साडेपाचला त्या भरली किटली घेऊन पुलापाशी उभ्या. मागे मी, माझ्यामागे शेजारच्या दोन जावा, त्यांच्यामागे शिंपी. शिंप्याची एकच शेळी, पण तोही दूध घालतो. त्याच्या हातात लाल फीत आणि कात्री होती.

शिट्टीभाऊने शिट्टी तोंडात घातली.

"काढ ती," आत्याबाई म्हणाल्या. "तालीम आहे. पत्र वाच."

"तालमीत किटल्या कशाला?"

"रंगीत तालीम म्हणजे सगळं खऱ्यासारखं. खऱ्या दिवशी आम्ही काय हात हलवत जाणार आहोत?"

शिट्टीभाऊने पत्र वाचलं, उलटं करून मागचंही वाचलं. मागे कोरं होतं. त्याने पिंपं सरकवली.

आत्याबाईच आमदार झाल्या. भाषण केलं: "बंधूंनो आणि भगिनींनो, मला उशीर झाला, पण तुम्हाला कुठे जायचंय." मग ताज्या घडामोडी: "सरकारने निर्णय घेतलाय की शिंप्याने माझा परकर उद्यापर्यंत द्यावा. सरकारला असंही कळलंय की शेजारची धाकटी सून माहेरी जायची म्हणून दोन दिवस रुसली आहे. सरकार तिच्या बाजूने आहे." जावांनी तोंडाला पदर लावले. पलीकडून हॉर्न वाजला, शिंप्याने कात्री पुढे केली, फीत कापली, आणि आम्ही पायाला पाणी न लावता पलीकडे गेलो. काँक्रीटवर चप्पल इतकी छान वाजते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

परत येताना शिट्टीभाऊ आडवा आला. "जायची तालीम झाली. यायचं पत्रात नाही."

"मग साहेब काय पलीकडेच राहणार? जीप तर या बाजूला असणार त्यांची."

शिट्टीभाऊने विचार केला आणि बाजूला झाला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तालीम. आवश्यकताच दिवसातून दोनदा पडायची, त्याला आम्ही काय करणार? फीत रोज कापून रोज गाठ मारून तिचं दावं झालं, तेव्हा शिंप्याने दुसरी आणली आणि मध्यात टिचबटण शिवलं. ओढलं की टिच्, लावलं की टिच्. आमदारकीला पाळी लावली, म्हणजे भांडण नको. एके दिवशी शिंपी, एके दिवशी जाऊ, एके दिवशी खुद्द शिट्टीभाऊ. त्याने सगळं भाषण शिट्टीतच केलं आणि सगळ्यांत जास्त टाळ्या घेतल्या. पण लोक वाट बघायचे ती आत्याबाईंच्या पाळीची. ज्यांच्याकडे जनावर नाही, तेही रिकामा तांब्या घेऊन यायला लागले. कुणाचं कौल गळतंय, कुणाच्या बांधावरून कुणाचं जनावर जातंय, सगळं सरकारकडे आलं. आणि सरकारने चारचौघांत नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी ते होऊनही जायचं, लाजेकाजेने का होईना.

नियम एकच: हॉर्न वाजला की भाषण कुठेही असो, संपलं. टाळ्या, टिच्, आणि किटल्या उचलायच्या.

महिनाभर एकदाही गाडी चुकली नाही. माझ्या पायाच्या भेगाही बुजल्या.

मग एका बुधवारी दुपारी निरोप आला की साहेब आज चार वाजता येतायत. चार म्हणजे साडेपाच, हे गावाला न सांगता कळलं. आम्ही दूध काढूनच गेलो. जीपा आल्या, साहेब उतरले. माणूस ठेंगणा, घामाघूम, तोंडावर चांगलं हसू. पीएने खिसे चाचपले, जीप चाचपली. कात्री होती, फीत राहिली होती.

"आमची आहे," शिंपी म्हणाला.

साहेब बोलायला लागले. स्वागत झालं, पुलाची लांबी झाली, रुंदी झाली, मग ताज्या घडामोडी. पीएच्या हातातल्या कागदावर मी बघितलं, बारा मुद्दे होते. पावणेसहाला साहेब तिसऱ्यावर. किटल्या उन्हात, त्यावर ओली फडकी, आणि फडकी वाळत चाललेली. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या साहेबांकडे बघत होत्या, म्हणजे त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या रस्त्याकडे. धूळ उठली. गाडी आली.

"...आणि म्हणूनच आपल्या सरकारने या विषयावर समिती नेमण्याचा..."

पॉं.

कुणी ठरवलं नव्हतं, हे मी गाईच्या पाठीवर हात ठेवून सांगते. महिनाभराची सवय. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं, समिती आवडली. ते हसले आणि श्वास घेतला, तेवढ्यात दुसरा हॉर्न. शिंपी सवयीने पुढे झाला आणि आत्याबाईंनी सवयीने हात घातला. टिच्. फीत सुटली. साहेबांची कात्री हवेतच.

"अहो आजी," पीए म्हणाला.

पण पन्नास माणसं चालायला लागली होती. साहेब मध्ये सापडले आणि पुलावर चढले. माझ्या एका कडेवर धाकटा, एका हातात किटली, दुसऱ्या हाताला मोठी. साहेबांचे हात रिकामे दिसले.

"धरता का जरा?" मी म्हटलं, आणि दिली त्यांच्या हातात. दुसऱ्या कुणालाही दिली असती तशीच.

"हे काय आहे?"

"दूध. हिंदकळू नका, झाकण नीट बसत नाही."

साहेब न हिंदकळता चालले, हे सांगायला हवं. जीभ थोडी बाहेर काढून, पोरं पाटीवर अक्षर काढतात तसे. तिसरा हॉर्न वाजायला आणि त्यांनी किटली गाडीच्या फळीवर ठेवायला एकच गाठ पडली. गाडीवाल्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "उद्या लवकर आणा," एवढंच म्हणाला.

"आणतो," साहेब म्हणाले.

परत येताना ते आत्याबाईंच्या बरोबरीने चालत होते. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"आजी, माझे नऊ मुद्दे राहिले."

"राहू द्या. नासत नाहीत ते. दूध नासतं."

 जीपपाशी साहेबांनी पीएला हळूच काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "नाही साहेब, पक्षात नाहीत त्या. चौकशी करतो." आत्याबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, पण घरी येईपर्यंत त्यांची मान जरा जास्तच ताठ होती.

सोमवारी पत्रक आलं. साहेबांचा किटलीसकट मोठा फोटो: 'जनतेच्या खांद्याला खांदा लावून'. आत्याबाईंचं त्यात फक्त कोपर आलं होतं. खाली ताज्या घडामोडी: 'फीत न कापता उघडण्याची अभिनव पद्धत राज्यभर राबवण्यासाठी समिती नेमण्यात आली आहे.' शिंपी तीन दिवस कुणाशी धड बोलला नाही, इतका मोठा झाला.

पिंपं गेली. शिट्टीभाऊ दुसऱ्या कामाला लागला. आता आम्ही पुलावरून नुसत्या जातो, नुसत्या येतो. भाषण नाही, टाळ्या नाहीत. शेजारची कौलं पुन्हा गळायला लागली आहेत आणि कुणी कुणाचं नाव घेत नाही. परवा येताना मोठी फळ्यापाशी थांबली. फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "आई, त्या दिवशी या काकांची पाळी होती ना?"

"हो."

"त्यांच्या आधी कुणाची होती?"

"त्यांचीच."

"आणि त्याच्या आधी?"

"त्यांच्या वडिलांची."

तिने बोटांवर काहीतरी हिशेब घातला. तो जुळेना. मग तिने माझ्याकडे वर बघितलं.

"मग आई, पाळीत आपला नंबर कितवा?"