दोन भाकरी वरच्या

कळस गावात सप्ताह बसला की मी बारामतीच्या घराला कुलूप लावते आणि माहेरी येते. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण जीव रमला तो कीर्तनातच. बुवांनी वीणा गळ्यात घेतली आणि मृदंगावर थाप पडली की माझे गुडघे दुखायचे थांबतात. डॉक्टरांना हे सांगून पटत नाही.

यंदा पोचले तर शेजारच्या जयवंताकाकू ओट्यावर वाटच बघत होत्या. मागं त्यांची सून रेश्मा.

"पद्मे, कीर्तन तुझं रोजचंच हाय. आदी हिला इंग्रजी शिकव."

रेश्माचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली. ती लोणी देवकरच्या एका कारखान्यात, कॅन्टीनमध्ये ठेकेदाराकडे चपात्या लाटते. ठेका महिनाअखेर संपणार होता. तिथंच सुपरवायझरची एक कायमची जागा निघाली होती. ती मिळाली तर ठीक, नाहीतर पुण्याला भावाकडे राहून काम शोधायचं आणि सहा वर्षांच्या लेकीला, छकुलीला, आजीपाशी ठेवायचं. मुलाखत शुक्रवारी होती. घेणारे साहेब परराज्यातले, त्यांना मराठी येत नव्हतं.

नाव, गाव, अनुभव तिनं एका दिवसात पाठ केलं. अडलं ते कमी-जास्त सांगताना. आपल्याकडे 'जेवढी माणसं येतील तेवढा भात' असं दोन पायांवर चालतं. ती तसंच इंग्रजीत चालायची, "हाउ मच मेन कम, दॅट मच राइस आय कुक!" इंग्रजीत 'मोर' म्हणून माणसांचा एक घोळका आधी सांगायचा, मग 'दॅन' म्हणून दुसरा त्याच्या शेजारी उभा करायचा, एवढंच. मी पाटीवर सफरचंदं काढली, पेनं काढली. दोन दिवस गेले.

"मला न्हाय जमायचं, बाई," ती म्हणाली. "उगं तुमचं कीर्तन बुडतंय."

गुरुवारी मी तिला घेऊन देवळामागं गेले. तिथं कढईत आमटी रटरटत होती. आमच्या सप्ताहात आमटी देवळाची आणि भाकरी घरोघरची. जेवढी घरात खाणारी, तेवढ्या भाकरी पाठवायच्या आणि वर दोन. त्या दोन कुणाच्या, ते विचारायचं नाही. भाकरी मोजून घ्यायचं काम यंदा रेश्माकडे होतं.

आमच्या आळीतल्या आबाजींनी भाकरीचं फडकं पुढं केलं. रेश्मानं मोजलं.

"आबाजी, ह्या तुमच्या घरापुरत्याच हायत. वरच्या दोन कुठं?"

"अगं, सून माहेरी गेलीय."

"मग सुनेची वजा करा की! वाटसरूच्या का करताय?"

बायका खळखळून हसल्या. आबाजी फडकं झटकत राहिलेल्या दोन आणायला घराकडे वळले. मी लगेच म्हटलं, "रेश्मा, हीच रीत साहेबाला सांग."

तिनं बोटांवर शब्द मोजले. मग सावकाश म्हणाली, "एव्हरी हाउस सेंड्स मोर भाकरी दॅन इट ईट्स."

मी देवळाच्या कळसाला हात जोडले.

शुक्रवारी माझ्या स्कूटरवरून आम्ही गेलो. ती आत गेली आणि मी गेटसमोरच्या लिंबाखाली नाम घेत बसले. नाम कसलं, लक्ष सगळं दाराकडे. तासाभरानं ती आली ती पांढरीफटक.

"काय झालं?"

"पाणी द्या आदी." अर्धी बाटली संपवून ती बोलली. "साहेब म्हणले, यादीत तीनशे कामगार हायत, जेवण कितीचं लावशील? माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं, तीनशेवर वीस."

"अगं बाई!"

"त्यांनी पेनच ठेवलं. म्हणले, म्हंजे रोज वीस ताटं वाया? मला तर, बाई, छकुलीच दिसाया लागली."

"मग?"

"मग म्हटलं, मोर पीपल ईट हिअर दॅन द पीपल यू राइट. ट्रक घेऊन येणारे ड्रायव्हर, लोडिंगवाले... त्यांची नावं कुठं असतात यादीत? रोज पंधरा-वीस जण खिडकीशी येऊन उपाशी परत जातात. मी चपात्या लाटताना बघते की. ते सगळं सांगितलं. चुकतमाकत, पण सांगितलं."

"साहेब काय म्हणाले?"

"रजिस्टर मागवलं. ड्रायव्हर लोकांच्या तक्रारी आल्यात म्हणं दोन महिन्यांपास्नं, कुणाला उमगंना कशापायी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सोमवारी कागद घ्यायला या म्हणले. कायमचा."

वॉचमन बघत होता, तरी मी तिला पोटाशी धरलं. येताना कळसपर्यंत वाऱ्यानं तिचा पदर माझ्या पाठीवर फडफडत होता.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. मी मांडवात पुढंच बसले, पाय पसरून, निवांत. बुवा गोपाळांच्या शिदोऱ्यांवर बोलत होते. छकुली माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. तेवढ्यात मागून आबाजींचा आवाज आला. आज मोजायला तेच बसले होते, आणि दबा धरूनच बसले असावेत.

"जयवंताबाई, तुमच्या घरात तिघी. वरच्या दोन धरून पाच भाकरी व्हत्यात. ही एक कशापायी जास्त?"

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. "ती त्या साहेबाची हाय."