वाळू आधी, दगड नंतर

नदी, डोंगर आणि खनिज ही त्रयी मानवी संस्कृतीचं भाग्य ठरवते, असं आमच्या शहराच्या अधिकृत इतिहासाच्या पहिल्याच पानावर छापलेलं आहे. त्या इतिहासाची चारशे बारा पानं आहेत आणि जोड्यांचा उल्लेख एकाही पानावर नाही. वास्तविक आमचं शहर आहे तिथे वसलं याला एकच कारण आहे: बंदरावरच्या बाजारात घेतलेल्या जोड्यांचे तळ बरोबर इथे येऊन फाटायचे.

नदीच्या वरच्या अंगाला सोनं सापडल्याची बातमी आली तेव्हा सगळा मुलूख उठला. ज्यांना घरात ठेवलेली किल्ली सापडत नसे, असे लोक डोंगरातलं सोनं शोधायला निघाले. त्यांत माझे पणजी-पणजोबाही होते. दोघंही मोची. नवव्या दिवशी वाट दीड मैल काळ्या, धारदार दगडांवरून गेली आणि ते दगड संपतात तिथे पणजोबांच्या उजव्या जोड्याने तोंड वासलं. पणजी एका खडकावर बसली, आरी आणि दोरा काढला आणि शिवायला लागली. शिवून झाल्यावर तिने मान वर केली, तर पाठीमागे अकरा माणसं आपापले जोडे हातात धरून, अनवाणी, रांगेत उभी होती.

तिने अकराही जोड शिवले आणि मग नवऱ्याला सांगितलं की आपण पुढे येत नाही. खाण आता जेमतेम अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे, असं पणजोबांनी परोपरीने समजावलं.

"सोनं तिकडे असेल," पणजी म्हणाली. "फाटके जोडे इथे आहेत."

पणजोबा एकटेच पुढे गेले. त्यानंतर ते दर शनिवारी खाली यायचे, जेवायचे, सोनं आता अगदी हाताशी आलंय असं सांगायचे आणि सोमवारी शिवलेले जोडे घालून परत जायचे.

इकडे रांगेत उभं राहून लोकांना भूक लागायची, म्हणून एका बाईने शेजारी खानावळ घातली. जेवल्यावर झोप यायची, म्हणून मुक्कामाच्या खोल्या झाल्या. बसल्याबसल्या दाढी उरकून घ्यावी म्हणून न्हावी आला. एक मास्तर सोन्यासाठी निघालेला, डावा जोडा शिवून होईपर्यंत त्याने खानावळवालीच्या पोरांना पाढे शिकवले, उजवा होईपर्यंत शाळा सुरू झाली. दोन वर्षांत चाळीस घरं झाली. त्यांतल्या एकाही घरात सोनं नव्हतं.

मग सरकारी मोजणीदार आला. बंदरापासून खाणीपर्यंत गाडीरस्ता करायचं ठरलं होतं आणि वाटा दोन होत्या. दोन्ही आमच्यापासून चार मैल खाली, नदी ओलांडायच्या उतारापासून फुटायच्या. अलीकडच्या तीराची वाट दगडांवरून, आमच्या चाळीस घरांतून जायची. पलीकडच्या तीराची सगळी मऊ वाळूची, आणि तिच्या काठाने कुत्रंही राहत नव्हतं. जी वाट आखूड निघेल तिच्यावर रस्ता, असा हुकूम होता. वाळूची वाट थोडी आखूड आहे हे खेचरवाल्यांपासून खेचरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. रस्ता पलीकडून गेला, तर आमच्या खडकापाशी कोणी येणार नव्हतं.

मोजणीदाराजवळ साखळी होती, पण साखळी धरणारे दोघे खाणीची दिशा कळताच पळाले होते. तेव्हा तो पावलांनी मोजणार होता. आपलं पाऊल बरोबर तीस इंच पडतं, झोपेतून उठवलं तरी तीसच पडतं, असं तो सांगायचा. शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला एक वाटाणा उजव्या खिशात टाकायचा, ही त्याची पद्धत. आमच्याकडे पोचला तेव्हा वाटाणे शाबूत होते, जोडे नव्हते. पणजीने ते उलटे करून पाहिले आणि शिवण्यासारखं काही उरलेलं नाही, नवेच करावे लागतील, तीन दिवस लागतील, असं सांगितलं.

तीन दिवस सरकार आमच्या ओट्यावर अनवाणी बसून होतं. बसल्याबसल्या त्याने सगळा बेत सांगून टाकला: आधी दगडाच्या वाटेने चढायचं, खाणीवर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी वाळूच्या वाटेने उतरायचं. पणजी ऐकत होती आणि चामडं कापत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पणजोबा आले, ओट्यावरचे पाय पाहिले, सगळी हकिगत ऐकली आणि बायकोला आत बोलावून त्यांनी हळूच एक खिळा पुढे केला. टाचेत, आतल्या बाजूने. वाळूवर चार मैलांतच बसेल खाली.

"आणि खालच्या मुलुखात जाऊन काय सांगेल?" पणजीने विचारलं.

"काय सांगेल?"

"सांगेल, तिथे एक बाई आहे, तिला जोडे शिवता येत नाहीत. अहो, मग रस्ता दारातून गेला काय आणि स्वयंपाकघरातून गेला काय."

"मग चाळीस घरं गुंडाळायची?"

"जोडे चांगलेच करणार," पणजी म्हणाली. "इतके चांगले त्याने जन्मात घातले नसतील. तुम्ही तो खिळा डब्यात ठेवा."

पणजोबांनी खिळा डब्यात ठेवला. घरातले निर्णय कोण घेतं हे ठरवायला त्यांना मोजणीदाराची गरज नव्हती.

जोडे खरोखर देखणे झाले. दुहेरी तळ, मेण लावलेला दोरा, टाचेला पक्कं चामडं. मोजणीदाराने ते चढवले, चार पावलं टाकली आणि थोडा बोटांशी आवळतोय, असं सांगितलं. नवा जोडा आहे, आवळणारच, पणजी म्हणाली. तेलाची बाटली देते. मुक्कामावर उतरलात की लावून ठेवा, सकाळी हातमोज्यासारखा बसेल. आणि मग, दोरा तोडता तोडता, इतक्या वर्षांत कोणाही गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तेच तिने त्याला सांगितलं.

"एक करा साहेब. नवा जोडा पहिल्याच दिवशी दगडावर घालू नका, शिवण धरत नाही. आधी वाळू चाला. दगड नंतर."

हे शंभर टक्के खरं होतं. कुठल्याही मोच्याला विचारा.

मोजणीदाराने बेत उलटा केला. खेचरावर बसून तो खालच्या उतारापर्यंत गेला आणि वाळूच्या वाटेने चढायला लागला. नवा जोडा पहिल्या दिवशी चावतो, आणि चावणाऱ्या जोड्यातला माणूस पाऊल जपून टाकतो. शिवाय चढावर पाऊल आखूड पडतं आणि उतारावर लांब, हे इंजिनियर लोकांना पुस्तकात वाचावं लागतं. पणजी दोन वर्षं चढणाऱ्यांचे चवडे आणि उतरणाऱ्यांच्या टाचा शिवत होती. खाणीवर पोचेपर्यंत त्याच्या उजव्या खिशात दोनशे शहात्तर वाटाणे जमले. मुक्कामावर त्याने जोड्यांना तेल लावलं. दुसऱ्या दिवशी तो दगडाच्या वाटेने उतरला, लांब लांब टांगा टाकत. दुपारी आमच्या ओट्यावरून जाताना चालणं न थांबवता त्याने पणजीला हात केला. जोडा फुलासारखा हलका वाटत होता, असं त्याने नंतर पत्रातही लिहिलं. उतारापर्यंत वाटाणे भरले दोनशे एकोणसाठ.

दोन्ही आकड्यांना त्याने इमानदारीने तीस इंचांनी गुणलं आणि अहवाल पाठवला. पुढे पंधरा वर्षांनी कोणीतरी साखळी टाकून पुन्हा मोजलं, तेव्हा वाळूची वाट पाऊण मैलाने आखूड भरली. तो कागद फायलीत आहे. तोवर शहरात साठ हजार माणसं होती आणि त्यांना पाऊण मैल सरकायला सांगणं कोणाला जमलं नाही.

रस्ता मंजूर झाल्याचं कळलं त्या दिवशी खानावळवालीने सगळ्यांना फुकट जेवू घातलं. पणजी जेवली आणि परत कामाला बसली. रांगेत नऊजण होते. पणजोबांनी खाणीवरची फावडी-कुदळी विकून टाकली आणि तेही आरी घेऊन शेजारी बसले. आता काम दुप्पट वाढणार, असा दोघांचा हिशेब होता, म्हणून त्यांनी दुकानाला मागे एक खोलीही काढली.

रस्ता व्हायला दोन वर्षं लागली. अर्धा झाला तेव्हाच खाणीतलं सोनं संपलं होतं, पण हुकूम निघालेला असल्यामुळे काम थांबलं नाही. खडी लांबून आणायला नको म्हणून ठेकेदाराने ते दीड मैल काळे दगड जागच्या जागी फोडले, रस्त्यावर पसरले आणि वरून रोलर फिरवला.

रस्ता सुरू झाल्यानंतर चौथ्या महिन्यात पणजीच्या दुकानात एकही जोडा आला नाही.