माझं सैल झालेलं घर

मी एक जुना पट आहे, बुद्धिबळाचा. पण मित्रांनो, तुमच्या घरी असतो तसला नव्हे. माझी काळी घरं पांढऱ्या घरांपेक्षा नखभर उंच आहेत आणि प्रत्येक घराच्या मध्यभागी एक छिद्र आहे. सोंगट्यांच्या बुडाच्या खुंट्या त्या छिद्रांत बसतात. काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर बोटाला टोचेल असा ठिपका असतो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनी बोटांनी पाहावं, म्हणून माझा जन्म.

मला घडवलं अंधशाळेतल्या हस्तकलेच्या सरांनी, एका मोडक्या बाकाच्या लाकडातून. घडवून झाल्यावर त्यांनी मला नऊ वर्षांच्या एका मुलीच्या मांडीवर ठेवलं. ती हट्टी आणि अबोल होती, हरली की रडायची. वर्षभरात ती सरांनाच हरवू लागली आणि सर खोकल्याचं निमित्त करून डाव अर्धवट सोडू लागले.

ती मोठी झाली, परदेशांतल्या स्पर्धांना जाऊ लागली. आम्ही जग पाहिलं, असं लोक म्हणतात. मी पाहिली ती टेबलं. तिने मोजली ती पावलं: खोलीच्या दारापासून पलंगापर्यंत सात, जिन्यापर्यंत एकवीस. सुरुवातीला थोरली बहीण सोबत यायची. मग बहिणीला मुलं झाली आणि छोटी एकटीच विमानात बसू लागली, मला मांडीवर घेऊन. बहिणीच्या तोंडी तिचं नाव छोटीच राहिलं, केस पिकले तरी.

तिचं कौतुकही खूप झालं. तिने डोळस खेळाडूंना हरवलं, की वार्ताहर धावत येत आणि अंधारात कसं खेळता म्हणून विचारत. वजीर काही डोळ्यांनी चालत नाही, असं ती हसून सांगे. ती कशी खेळली हे मात्र कुणी विचारत नसे. डाव संपला की बाकीचे खेळाडू घोळका करून बसत आणि हा इथे, तो तिथे, असं बोटं दाखवून बोलत. ‘ई चार’, ‘डी पाच’ अशी घरांची नावं कुणी घेत नसे. ती जरा वेळ कडेला उभी राही, मग मला काखेत मारून खोलीत येई आणि दोन्ही बाजूंनी एकटीच खेळे. तिच्या एकटेपणाची मला सवय झाली होती. ती सवय चांगली नव्हती, हे आता कळतं.

आता एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. डोळस खेळाडूने सोंगटीला नुसतं बोट लावलं, तरी ती चालवावी लागते. आमच्यात बोट लावल्याशिवाय दिसणार कसं? म्हणून आमच्यात सोंगटी छिद्रातून बाहेर आली, तरच ती उचलली असं धरतात.

तीस वर्षांत माझी मधली घरं झिजली. त्यातलं एक फारच सैल झालं, तिथली सोंगटी डुगडुगायची. कुणाला तरी दाखव, असं बहिणीने दहादा सांगितलं. पण परका हात लागला तर बोटांना पट अनोळखी होईल, ही छोटीची भीती. ती मला एवढा जीव लावते, याचा मलाही तोरा होता.

मग ती शेवटची फेरी आली. नुसती बरोबरी झाली असती तरी आयुष्यभर हुलकावणी देणारा किताब तिला मिळाला असता. डावाआधी पंच प्रत्येकाचा पट तपासायला आले. पट ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं. ठीक आहे, ती म्हणाली.

समोर एक डोळस तरुण मुलगी होती. चार तास दोघी तोडीस तोड खेळल्या. छोटीचा वजीर माझ्या त्या सैल घरात उभा होता आणि तो तिथे होता म्हणूनच तिचा राजा सुखरूप होता. घड्याळात थोडा वेळ उरला होता. ती भराभर बोटं फिरवून पट पाहत होती. बोट वजिराला घासलं आणि वजीर अलगद बाहेर आला.

समोरच्या मुलीने हात वर केला. तिचं काही चुकलं नाही. पंच आले.

"बाई, चुकून निघाला का?"

हो म्हटलं असतं तर पंच पट हलवून बघणार, आणि मघाशी ठीक आहे म्हणून दिलेला शब्द उघडा पडणार. मलाही बाजूला काढणार. तिचा तळहात माझ्यावर होता.

"नाही," ती म्हणाली. "मी उचलला."

वजीर चालवावा लागला. सात चालींत राजा मेला. किताब गेला, तो गेलाच. पुन्हा तशी संधी आली नाही.

घरी परतल्यावर ती मला गल्लीतल्या सुताराकडे घेऊन गेली. त्याने छिद्रात लाकडाची गुट्टी ठोकून ते बुजवलं, तिच्यात नवं छिद्र पाडलं, वर कानस फिरवली.

"दहा मिनिटांचं काम होतं, ताई," तो म्हणाला. "एवढे दिवस काय थांबलात?"

तिने त्या घरावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"तसंच लागतंय," ती म्हणाली आणि तिथल्याच स्टुलावर बसली. बराच वेळ उठली नाही.

मित्रांनो, तुमच्या लाडक्या वस्तूंना जीव लावा, पण त्यांची दुखणी लपवू नका. जीव लावणं सोपं असतं. दुरुस्तीला नेण्यासाठी उठावं लागतं. आणि आमच्यासारख्यांना बोलता येत नाही, हे विसरू नका. मला तोंड असतं, तर त्या दिवशी भर दालनात मी पंचांना ओरडून सांगितलं असतं, की ही बाई खोटं बोलतेय, तिने काही उचललं नाही, चूक माझी आहे.