समान कुळाची सही

अकरा वाजता वकीलबाई येणार होत्या आणि सव्वादहा झाले तरी दिगंबररावांचा फेटा डोक्यावर बसत नव्हता. तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आरसा एकच, तोही मोरीत. त्यामुळे नऊ वर्षांची रुचा तोंडात ब्रश धरून दारात उभी, आणि आत तिचे आजोबा आठ मीटर कापडाशी झुंजतायत. त्यांच्या मुलीने, सुनेत्राने, दोनदा सांगून पाहिलं, आबा, कोट पुरे आहे. ते म्हणाले, माणसं घराणं बघायला येतायत, कोट काय कारकूनही घालतो.

घराणं बघायला येतायत हे खरंच होतं. सगळी गोम तिथेच होती.

सुनेत्राचा नवरा कास्पार हा राजपुत्र. थट्टेने नाही, खरोखरचा. पासपोर्टवर नावातच ‘प्रिन्स’ छापलेलं. फाल्केनरोड म्हणून युरोपात एक चिमुकलं संस्थान होतं, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढं. राज्य जाऊन शंभर वर्षं झाली. मागे उरला हॉटेल झालेला किल्ला, थोडं जंगल, चर्चच्या तळघरातलं घराण्याचं दफनघर, आणि वारसांची रांग. गादी नाही, पण गादीवर आधी कोण आणि नंतर कोण, याची यादी दर वर्षी छापतात. सुनेत्राला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ती हसली होती. कास्पार हसला नव्हता.

कारण तो त्या यादीत नव्हता. घराण्याचा कायदा असा, की बायको समान कुळाची हवी. कास्पारच्या बापाने लग्न केलं ते एका नर्सशी, ट्राम चालवणाऱ्याच्या मुलीशी. आजोबांनी एका कागदावर सही केली आणि पोटचा पोरगा रांगेतून काढून टाकला. पुढे त्या पोराला घरच्या लग्नांत जेवायला बोलवायचे, पण टेबल स्वयंपाकघराच्या दाराजवळचं. मेल्यावर दफनघरात जागा दिली नाही. गावाबाहेरच्या सार्वजनिक कबरस्तानात, हमरस्त्याला लागून पुरला. कास्पार तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. प्रार्थना म्हणणाऱ्या पाद्र्याचा शब्दही ट्रकांच्या आवाजात ऐकू आला नाही, हे त्याने सुनेत्राला लग्नाआधी सांगितलं होतं. आयुष्यात त्याने सांगितलेली ती एकच राजवाड्याची गोष्ट.

आता हा राजपुत्र घरी बसून छपाईयंत्रांच्या माहितीपुस्तकांचं जपानीत भाषांतर करायचा. इमारतीतल्या कचऱ्याच्या पाळीची यादी त्याच्याकडे होती. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, हे शेजारच्या म्हाताऱ्या बायका त्याला विचारायच्या, आणि ‘कास्पार-सान’ म्हणून कमरेत वाकायच्या. सुनेत्रा एका भारतीय बँकेच्या तोक्योतल्या शाखेत नोकरीला. रोज सकाळी तोझाई लाइनची मेट्रो, संध्याकाळी परत. बरं चाललं होतं.

दोन महिन्यांपूर्वी पत्र आलं. घराण्याचा आताचा प्रमुख म्हणजे कास्पारचा चुलतभाऊ. त्याला मूलबाळ नाही, आणि रांगेतला शेवटचा तरुण गडी वर्षापूर्वी आजारपणात गेला. माणसं संपायला लागली की नियम वाकवायची बुद्धी सगळ्यांनाच होते. पत्रात लिहिलं होतं की कास्पारच्या बापाचं लग्न मागाहून मान्य करू, त्याच्या अस्थी दफनघरात आणू, कास्पारला आणि त्याच्या मुलीला रांगेत घेऊ. अट एकच. कास्पारची बायको समान कुळाची आहे हे सिद्ध व्हावं.

पत्र वाचून कास्पार ओट्याजवळ उभ्या उभ्या रडला. रांगेचं त्याला काही नव्हतं, जंगलाचंही नव्हतं. त्याला बाप त्या रस्त्याच्या कडेवरून उचलायचा होता. सुनेत्राने हे बघितलं आणि आबांना फोन लावला. तिथे तिची चूक झाली.

दिगंबरराव जगदाळे, कऱ्हाडकडचे. साखर कारखान्यात शेतकी अधिकारी म्हणून जन्म गेला, पण तोंडात कायम शहाण्णव कुळी. गोऱ्या जावयाला त्यांनी गावात ‘राजपुत्र’ म्हणून मिरवलं होतं. तो राजपुत्र नसता, नुसता गोरा भाषांतरकार असता, तर सुनेत्राचं काय झालं असतं हे तिला पक्कं माहीत होतं. कारण थोरलीचं झालं होतं.

थोरली लीलावती. तिने सुशांत कांबळेशी लग्न केलं. मुलगा शाळेत शिक्षक, शांत, निर्व्यसनी, पण बौद्ध. संपलं. आबांनी तिच्या नावाने अंघोळ केली. तिची आई झुरून चार वर्षांत गेली. लीलावतीला तिचं तोंडही बघू दिलं नाही. थोरलीच्या लग्नाला आता चौदा वर्षं झाली. घरात त्या नावाचा उच्चार नव्हता.

सुनेत्राचा फोन गेल्यावर आबांनी हेळवी गाठला. हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारा. सुगी झाली की दारात येतो, पूर्वजांची नावं मोठ्याने वाचतो, धान्य घेऊन जातो. त्याच्या वहीत मुलींची नावं नसतात. आबांनी त्याला राजी करून ह्या खेपेला एक मुलगी लिहून घेतली. एकच. मग वंशावळ टंकलेखनाने इंग्रजीत काढली, नोटरीचा शिक्का मारला, आणि विमानात बसून स्वतः घेऊन आले. कुरिअरवर त्यांचा भरवसा नव्हता.

अकराला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली.

डॉक्टर आयलर्स नावाच्या त्या वकीलबाई साठीच्या, सडपातळ, राखाडी सूट. दारात बूट काढून त्यांनी ते टोकं बाहेर करून नीट लावले. येण्याआधी शिकून आल्या होत्या. दिगंबररावांच्या फेट्याकडे बघून त्यांनी मान झुकवली, आणि आबांची छाती दोन इंच फुगली. कास्पारने लग्नातला सूट घातला होता. तो सकाळपासून पाच वाक्यंही बोलला नव्हता. रुचाला आतल्या खोलीत बसवलं. आत जाताना बाईंनी कशी आहेस विचारलं तर ती “बेत्सुनी” म्हणाली. म्हणजे काही नाही, असंच. जपानी मुलं मोठ्यांना असंच वाटेला लावतात.

चहा झाला. बाईंनी वंशावळ प्लास्टिकच्या पिशवीतून काढून टेबलावर पसरली. सतरा पिढ्या. त्यांनी बोट ठेवून एकेक पिढी वाचली. एका ठिकाणी थांबून विचारलं की ह्या कुटुंबाने शेवटची जमीन कोणाकडून इनाम मिळवली. आबांनी शेतकी खात्यातल्या इंग्रजीत, हात हलवत, झाडून सगळं सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. कास्पारचे डोळे त्यांच्या पेनावर. सुनेत्राला वाटलं, आपण लग्नाच्या बाजारात दुसऱ्यांदा उभ्या आहोत, आणि ह्या खेपेला नवरा आपलाच आहे.

मग बाईंनी फाइलमधून दुसरा कागद काढला. सुनेत्राच्या लग्नाच्या वेळी दिलेल्या रेशनकार्डाची भाषांतरित प्रत.

“इथे चार नावं आहेत,” त्या म्हणाल्या. “वडील, आई, आणि मुली दोन. वंशावळीत एकच. दुसरी मुलगी वारली का?”

सुनेत्राने आबांकडे बघितलं. ते आता काहीतरी खोटं बोलतील, वारली म्हणतील, असं तिला वाटलं. ते खोटं बोलले असते तर गोष्ट निराळी झाली असती. पण आबांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. उलट ती त्यांच्या घराची शान होती. ते खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी खुलासा केला. थोरल्या मुलीने हलक्या जातीत लग्न केलं, आम्ही तिला काढून टाकली. चौदा वर्षं झाली. आईच्या मयतालाही येऊ दिली नाही. आमच्यात असंच असतं.

आता ही बाई फाइल मिटेल, उठेल, लाज काढेल, असं सुनेत्राला वाटलं. मनातून तिला तेच हवं होतं.

आयलर्सबाईंनी चष्मा काढून पुसला.

“हे उत्तम आहे,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, एखाद्या बँकेतली बाई कर्जाच्या अटी समजावते तशा आवाजात. असमान लग्न झालं हा अडथळा असतो. पण कुटुंबाने त्या व्यक्तीला रीतसर काढलं असेल तर तो अडथळा राहत नाही. उलट कुटुंब नियम पाळतं याचा तो पुरावा ठरतो. फाल्केनरोड घराणंही हेच करत आलंय. तेव्हा हे ठरवणाऱ्या घराण्याच्या मंडळाला काही हरकत दिसणार नाही. फक्त एक छोटा जाहीरनामा लागेल, आणि तो बायकोच्या सहीचा, कारण रांगेत येणार तिची मुलगी. त्यांनी तो तिथेच लॅपटॉपवर लिहिला, पिशवीतल्या छोट्या यंत्रावर छापला आणि सुनेत्रासमोर ठेवला. चार ओळी. मी दिगंबर जगदाळे यांची एकुलती मान्य मुलगी आहे. वगळलेल्या शाखेशी माझा वा माझ्या मुलीचा संबंध नाही. पुढे राहणार नाही.

“बघ,” आबा मराठीत म्हणाले, “ही खानदानी माणसं. ह्यांना कळतं. आपले शिकलेले लोक मलाच नावं ठेवतात.”

सुनेत्राने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. एक गोष्ट ह्या खोलीत तिला आणि कास्पारला ठाऊक होती, आबांना नव्हती. रुचाच्या वेळी सुनेत्राला आई नव्हती. नवव्या महिन्यात पाय सुजले, रक्तदाब चढला. लीलावती बिनपगारी रजा काढून आली आणि तीन महिने ह्याच फ्लॅटमध्ये, ह्याच टेबलाखाली गादी टाकून झोपली. ह्याच मोरीत पायांवर घेऊन तिने रुचाला पहिली अंघोळ घातली. कास्पारला भाकरी खायला शिकवली. तो तिला ‘ताई’ म्हणायचा. तिला विमानतळावर सोडायला गेला तेव्हा सुनेत्राहून जास्त तोच गप्प झाला होता.

तोच कास्पार आता समोर बसून तिच्याकडे बघत होता. सुनेत्राला ते जाणवत होतं, मान वर न करता. तिने मान वर केली नाही.

“पेन,” ती म्हणाली.

बाईंनी आपलं पेन टोपण काढून दिलं. आबांनी सुस्कारा सोडला. सुनेत्राने जाहीरनामा बाजूला सारला, सतरा पिढ्यांचा तो मोठा कागद ओढून घेतला, आणि सगळ्यात खाली, दिगंबररावांच्या नावापासून एक रेघ काढली. आपल्या नावाच्या डावीकडे, थोरलीची जागा असते तिथे. मग इंग्रजीत ठसठशीत लिहिलं, लीलावती. तिच्याशेजारी, सुशांत कांबळे. त्यांच्याखाली दोन रेघा, क्षितिज आणि नुपूर. जन्मसालंही घातली. शाई कुठे पसरली नाही.

“आता पूर्ण झाली,” ती बाईंना म्हणाली. “ह्यावर सही करते मी. त्या चार ओळींवर नाही.”

आबांचा चेहरा काळा-निळा पडला. “तू कुठं बसून काय करतेयस कळतंय का तुला?”

“आबा, तुमच्या नातीला पहिली अंघोळ ताईनं घातली. ह्याच घरात. तीन महिने होती ती. मी तुम्हाला सांगितलं नाही, ते भ्याले म्हणून. ते माझं चुकलं.”

दिगंबरराव उठले. ते आतल्या खोलीत गेले आणि सरकतं दार त्यांनी असं ओढलं की चौकट हादरली. रुचा त्याच दारातून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

आयलर्सबाईंना राग वगैरे आला नाही. अशा माणसांना तो येत नाही. त्यांनी कागद नजरेखालून घातला, आणि खेदाने सांगितलं की ह्या स्वरूपात तो मंडळापुढे नेता येणार नाही. महिनाअखेरपर्यंत फाइल उघडी राहील. विचार बदलला तर कळवावं. मग त्यांनी पेन मागून घेतलं, पुसलं, आणि खिशात ठेवलं. जाहीरनामा फाइलमध्ये घातला, वंशावळ टेबलावरच राहू दिली.

कास्पार उठला. तो बाईंना स्टेशनपर्यंत सोडायला निघाला. जाताना सुनेत्राशी बोलला नाही.

स्टेशन जाऊन येऊन वीस मिनिटांचं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आत आबा बॅग ओढत होते, चेन लावत होते, परत उघडत होते. सुनेत्रा टेबलाशी बसून राहिली. तिच्या डोक्यात एकच चित्र फिरत होतं. कन्व्हिनियन्स स्टोअरच्या बाकावर कास्पार आणि ती बाई, मध्ये तो जाहीरनामा, आणि कास्पार विचारतोय की बायकोशिवाय जमेल का. बायकोशिवाय जमणारी एखादी वाट कायद्यात असणारच. बापाच्या हाडांसाठी माणूस काय काय करतो. तिच्या स्वतःच्या बापाने तर जितीजागती पोरगी पुरली होती.

सव्वा तासाने दार वाजलं. कास्पार एकटाच, हातात कसलाही कागद नाही. त्याने बूट काढले, टाय ओढून खिशात कोंबला, आणि समोर बसला. डोळे लाल होते.

रुचा टेबलाजवळ आली. तिने वंशावळीवर बोट ठेवून जपानीत विचारलं, हा क्षितिज कोण. सुनेत्रा बोलणार तोच कास्पार जपानीत म्हणाला, तुझा भाऊ, मावशीचा मुलगा. आणि ती नुपूर त्याची बहीण. रुचाने विचारलं, मग आपण त्यांच्याकडे कधीच का नाही जात. त्याने तिला आजोबांना पाणी नेऊन द्यायला सांगितलं.

ती गेल्यावर तो सुनेत्राला म्हणाला, “एकदा माझ्याकडे बघायला तरी हवं होतंस.”

“बघितलं असतं तर काय दिसलं असतं?”

आत रुचा आजोबांशी काहीतरी बोलत होती.

“सही कर, असं,” तो म्हणाला.

“ठाऊक होतं मला,” सुनेत्रा म्हणाली, आणि टेबलाखालून तिने त्याचा हात धरला. त्याने तो काढून घेतला नाही, पण तिचा हात दाबलाही नाही.