मोकळ्या रानातला नमुना

माती तपासायला आलेल्या बाईंनी जमिनीतलं गिरमिट पिळून वर काढलं आणि पात्यात अडकलेल्या मातीकडे त्या बघतच राहिल्या. काळीभोर, ओलसर, भुसभुशीत. नाकाशी नेली तर कुजल्या पानांचा वास.

"मी मोकळ्या रानातला नमुना मागितला होता," त्या मेंढपाळाला म्हणाल्या. "ही झाडाखालची माती आहे."

मेंढपाळाने चारी दिशांना हात फिरवला. "झाड दाखवा, पाया पडतो."

सगळ्यांत जवळची बाभूळ दोनशे पावलांवर होती. कुरणात अशी अकरा उरलेली. झाडं गवताच्या तोंडचं पाणी पळवतात, ही मेंढपाळाची तक्रार. झाडं गेली की मेंढ्याही गेल्याच समजा, हे त्याच्या थोरल्या बहिणीचं म्हणणं. कुरण दोघांचं सामाईक. बाईंची माती सांगेल तसं करायचं ठरलं होतं, पण भाऊ गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. झाडं उपटायचं मशीन त्याने सकाळीच मशीनवाल्यासकट बांधावर आणून उभं केलं होतं.

"बारावं इथंच होतं," शेजारी उभी बहीण म्हणाली. "नऊ वर्षं झाली. यानंच उपटलं."

"मग? माती काय नऊ वर्षं सुतक पाळते?"

"पाळते," बाई म्हणाल्या. "झाडानं दिलेलं मातीत बरीच वर्षं राहतं. त्यात नवल नाही."

"नवल दुपारी येतं," बहीण म्हणाली.

ऊन डोक्यावर आलं तशा मेंढ्या आल्या. उघड्या माळावर, गिरमिटाच्या भोकाभोवती, गोल करून बसल्या. धापा थांबल्या, रवंथ सुरू झाला. सूर्य कलला तसा तो गोलही हातहातभर उगवतीकडे सरकला. बाई आत शिरल्या. मानेवरचा घाम गार पडला. वर पाहिलं, तर आभाळ घासल्या ताटासारखं लख्ख.

"सवय आहे त्यांना," मेंढपाळ म्हणाला.

"यातली एकही नऊ वर्षांची नाही," बहीण म्हणाली. "कोकरं तर यंदाची आहेत."

"ताई, उगाच नाकानं कांदे सोलू नकोस. उठवूनच दाखवतो."

काठी आपटत तो तरातरा निघाला. गोलाच्या कडेशी पोचला, खाली वाकला, डाव्या हाताने तोंडासमोरचं काहीतरी अलगद बाजूला सारलं आणि तसाच वाकून तीन पावलं आत गेला. मग थबकला. स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला.

मेंढ्या हलल्या नाहीत. तोही सरळ झाला नाही.

"ताई," तो वाकल्या वाकल्याच म्हणाला, "मशीनवाल्याला जायला सांग."